एकच थैली: अकाउंट भाड्याने मागणारा मित्र आणि नीतिसूत्रांचा पहिला अध्याय

  लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून ऐकत असाल, एसटीच्या खिडकीत बसला असाल, रात्रपाळीला असाल नाहीतर हॉस्टेलच्या गच्चीवर, जिथे असाल तिथे तुमचं स्वागत. तुम्ही ख्रिस्ती असाल, नसाल, चर्चला शेवटचं कधी गेलात ते आठवत नसेल, तरी चालेल. आजचा विषय सगळ्यांच्या खिशातला आहे. अगदी शब्दशः खिशातला.

आधी एक मेसेज ऐका. शब्द थोडे इकडेतिकडे असतील, पण सूर हाच असतो.

"भाऊ, एक काम होतं. तुझं सेव्हिंग अकाउंट आहे ना? पंधरा दिवस वापरायला दे. एटीएम कार्ड, पासबुक आणि अकाउंटला लिंक असलेलं सिम. तुला काहीच करायचं नाही. बसल्या जागी दहा हजार. माझ्या चार मित्रांनी दिलंय, काही झालं नाही."

आलाय का कधी असा मेसेज? टेलिग्रामवर येतो, इन्स्टाच्या डीएममध्ये येतो. पुष्कळदा तर ओळखीच्याच माणसाकडून येतो. शाळेतला जुना मित्र, रूममेटचा मित्र, जिममधला एखादा दादा. आणि येतो कधी? फी भरायची असते तेव्हा, मोबाईलचा हप्ता थकलेला असतो तेव्हा, घरी पैसे मागायची लाज वाटत असते तेव्हा.

आता मी जे सांगणार आहे ते ऐकून थोडं आश्चर्य वाटेल. हा मेसेज जुना आहे. मोबाईलच्या आधीचा, बँकेच्या आधीचा. पवित्र शास्त्रात नीतिसूत्रे नावाचं पुस्तक आहे, त्याच्या पहिल्याच अध्यायात, दहाव्या ते एकोणिसाव्या वचनात, तो जवळजवळ असाच्या असा आहे. आज आपण त्या दहा वचनांत थोडं थांबणार आहोत.

नीतिसूत्रे म्हटलं की आपल्याला कॅलेंडरवरची सुविचारांची ओळ आठवते. पण पहिले नऊ अध्याय तसे नाहीत. तिथे घरातलं बोलणं आहे. बाप मुलाला समजावतोय, आणि आईच्या शिकवणीचाही उल्लेख आहे. मुलगा वयात आलाय, घराबाहेर पडायला लागलाय. आईबापाला काळजी आहे. या पुस्तकाच्या प्रस्तावनेनंतर बाप पहिला विषय कोणता काढतो? अभ्यासाचा नाही, लग्नाचा नाही, प्रार्थनेचाही नाही. तो म्हणतो, बाळा, तुला काही लोक बोलवायला येतील. पैशासाठी. तेव्हा जाऊ नकोस.

आणि मग तो त्या लोकांचं बोलणं मुलाला ऐकवतो. मी माझ्या शब्दांत सांगते. ते म्हणतील, आमच्याबरोबर चल. आडोशाला दबा धरून बसू, एखाद्या निरपराध माणसाला गाठू. त्याला गिळून टाकू, मागमूसही राहणार नाही. त्याच्याकडचा सगळा किमती माल आपला. घरं भरून जातील. तू फक्त आमच्यात सामील हो. आपल्या सगळ्यांची थैली एकच असेल.

एकच थैली. हे शब्द लक्षात ठेवा, आपण त्यांच्याकडे परत येणार आहोत.

मला या बापाचं एक आवडतं. तो मुलाला घाबरवत बसत नाही. समोरचा कसा बोलेल तेच तो आधी दाखवून देतो. म्हणजे खरंच कोणी येऊन तसं बोलायला लागलं, की मुलाच्या डोक्यात घंटा वाजली पाहिजे: अरे, हे तर बाबांनी सांगितलं होतं! एखाद्या जादूगाराची हातचलाखी एकदा कळली की पुढच्या वेळी डोळे बरोबर त्या हाताकडे जातात ना, तसं.

तर मग बघूया ती हातचलाखी.

पहिली गोष्ट म्हणजे त्या टोळीच्या बोलण्यात "आपण" किती वेळा येतं बघा. आपण बसू, आपण गाठू, आपली घरं, आपली थैली. चोरी करशील का, असं कोणी थेट विचारतच नाही. ते विचारतात, आमच्यात येतोस का? वीस वर्षांच्या मुलासाठी हा प्रश्न पैशापेक्षा मोठा असतो. नव्या शहरात आलाय, कुणी ओळखत नाही, कॉट बेसिसवर राहतोय, आणि चारजण त्याला म्हणतात, तू आपला माणूस आहेस. खोटा पैसा पुष्कळदा मैत्रीच्या दारातून आत येतो. आधी चहा, मग बाईकवरून चक्कर, मग ग्रुपमध्ये ॲड, आणि मग ते काम.

दुसरी गोष्ट, ज्याला लुटायचं आहे त्याला नाव नाही. तो कोण आहे, त्याच्या घरी कोण आहे, तो पैसा त्याने कसा जमवला, यातलं काहीच नाही. तो फक्त एक सावज. टोळी स्वतःच म्हणते की तो निरपराध आहे, पण ते असं म्हणते की जणू हवामान सांगतेय. माणसाचा चेहरा पुसला की मग त्याचा पैसा उचलणं सोपं जातं.

आणि तिसरी, थैली. जोखीम तुझ्या एकट्याची नाही, सगळ्यांची मिळून आहे, असं भासवायचं. प्रत्यक्षात काय होतं? तेच आता बघूया, कारण आजच्या काळात ती थैली म्हणजे तुमचं बँक अकाउंट आहे.

समजा, नाशिकला एक निवृत्त शिक्षिका राहतात. एकट्याच असतात. त्यांना एक दिवस व्हिडिओ कॉल येतो. पलीकडे पोलिसाच्या वर्दीतला माणूस. म्हणतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. खरं तर आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही "मन की बात"मध्ये लोकांना या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. पण भीतीने माणूस गोठतो. बाई आयुष्यभराची एफडी मोडतात आणि तो सांगेल त्या अकाउंटवर पैसे पाठवतात.

आता विचार करा, कुठल्या अकाउंटवर? फसवणारा स्वतःचं अकाउंट देईल का? वेडा आहे का तो? त्याला दुसऱ्या कुणाचं तरी अकाउंट लागतं. खरं आधार, खरं पॅन, खरा पत्ता असलेलं. एखाद्या साध्यासुध्या मुलाचं, ज्याच्यावर कधी कुणाला संशय येणार नाही. पैसे तिथे येतात आणि काही मिनिटांत फुटून दुसऱ्या पाच-दहा अकाउंटवर जातात, तिथून एटीएममधून निघतात नाहीतर क्रिप्टोमध्ये जातात. मधल्या या अकाउंटला म्यूल अकाउंट म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. माल दुसऱ्याचा, पाठ याची.

मग बाई भानावर येतात. मुलीला फोन करतात, मुलगी १९३० वर फोन लावते. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, लिहून ठेवा, १९३०. तक्रार नोंदली जाते, पैसा ज्या ज्या अकाउंटमधून गेला त्यांचा माग निघतो, अकाउंट गोठवली जातात. आणि माग काढत पोलिस पहिल्यांदा कुणाच्या दारात येतात? टेलिग्रामवरच्या त्या "भाऊ"च्या? त्याचं तर नावही खरं नसतं. तो ग्रुप डिलीट करून मोकळा झालेला असतो. पोलिस येतात ते पासबुकावर ज्याचं नाव आहे त्याच्या दारात. ज्याने दहा हजार घेतले, त्याच्या.

बघितलंत? थैली एकच होती, पण तिच्यावर नाव फक्त तुझं होतं.

नीतिसूत्रांमधला बाप पुढे नेमकं हेच म्हणतो. तो पक्ष्याचं उदाहरण देतो. पक्ष्याच्या डोळ्यांदेखत जाळं अंथरलं तर पक्षी काही त्यात बसत नाही, त्याला तेवढी अक्कल असते. ही माणसं मात्र दुसऱ्यासाठी दबा धरून बसतात आणि खरं तर स्वतःच्याच जिवावर टपून बसलेली असतात. शेवटी तो सांगतो की अन्यायाच्या कमाईची हाव धरणाऱ्या प्रत्येकाची वाट हीच आहे, ती कमाई आपल्या मालकाचाच जीव घेते.

इथे मूळ हिब्रूमध्ये कमाईसाठी जो शब्द आहे, बेत्सा, त्याच्या मुळाशी अर्थ आहे कापणं, तोडून घेणं. म्हणजे कुणाच्या तरी अंगावरून कापून घेतलेला तुकडा. गंमत बघा, आपणही म्हणतो ना, "यात माझा कट किती?" आपल्याच बोलण्यात ते लपलेलं आहे. कट म्हटला की तो कुणाला तरी कापूनच येतो. तो दहा हजारांचा कट त्या बाईंच्या एफडीतून आलेला असतो.

आता तुमच्यातले काहीजण म्हणतील, ताई, हे सगळं ठीक आहे, पण प्रत्यक्षात गोष्ट एवढी सरळ नसते. बरोबर आहे. म्हणून जे खरंच बोललं जातं त्यावर जरा बोलूया.

एक जण म्हणतो, "मी कुणालाच फसवलं नाही. मला माहीतही नव्हतं. मी फक्त अकाउंट दिलं." ठीक. पण एक प्रश्न स्वतःला विचारायचा. ज्या अकाउंटमध्ये महिन्याला चार-पाच हजार येतात, ते वापरायला कुणी दहा हजार भाडं का देईल? ज्याचा पैसा सरळ आहे तो आपल्या नावाने अकाउंट उघडतो, फुकटात उघडतं ते. जो भाडं देतो तो तुमच्या अकाउंटचं देत नाही, तुमच्या नावाचं देतो. नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात पहिल्याच वचनात सांगितलंय की पुष्कळ धनापेक्षा चांगलं नाव निवडावं. आपण ते सुविचार म्हणून वाचतो. इथे तो सरळ हिशोब आहे. ते नाव पुढे नोकरीच्या व्हेरिफिकेशनला लागणार आहे, पासपोर्टला लागणार आहे, कर्जाला लागणार आहे.

दुसरा म्हणतो, "गरज होती." हे मी हलक्यात घेणार नाही, आणि बायबलही घेत नाही. सहाव्या अध्यायात म्हटलंय की भुकेल्या माणसाने पोटासाठी चोरी केली तर लोक त्याला तुच्छ लेखत नाहीत. किती माणुसकीचं बोलणं आहे हे! पण लगेच पुढे म्हटलंय, सापडला तर सातपट भरावं लागेल. म्हणजे गरजेबद्दल सहानुभूती आहे, पण गरज आहे म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. उलट ती गरीबालाच जास्त पडते. श्रीमंताचा मुलगा चांगला वकील करेल. तुझं अकाउंट गोठलं तर पगार, स्कॉलरशिप, गॅसची सबसिडी सगळंच अडकेल.

आणि हेही सांगायला हवं की हेच बायबल फक्त गरीब पोरांना दटावत बसत नाही. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, असं अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मालकाला बजावलंय. ज्याने तीन महिने पगार थकवलाय आणि ज्याने अकाउंट भाड्याने दिलंय, दोघेही देवासमोर एकाच तराजूत उभे आहेत.

तराजूवरून आठवलं. तिसरा म्हणतो, "सगळेच करतात." नीतिसूत्रांमध्ये तराजूचा विषय परत परत येतो. अकराव्या अध्यायात आहे, सोळाव्यात आहे, विसाव्यात दोनदा आहे. त्या काळी बाजारात चांदी तोलून द्यायची, आणि वजनं म्हणजे दगड. एका शेकेलचं वजन साधारण ११ ग्रॅम. लबाड व्यापारी पिशवीत दोन दगड ठेवायचा, घेताना जड आणि देताना हलका. दिसायला दोन्ही सारखे. परमेश्वराला त्याची किळस येते, इतक्या कडक भाषेत ते सांगितलंय. एवढ्या वेळा का सांगावं लागलं असेल? सगळेच करत होते म्हणून! कुणीच करत नसतं तर कायदा कशाला लिहिला असता?

म्हणून "सगळेच करतात" हे ऐकून देवाला धक्का बसत नाही. त्याला ते आधीपासून माहीत आहे. तो फक्त विचारतो, तुझ्या पिशवीत किती दगड आहेत?

आणि एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही. काही प्रचारक सांगतात, प्रामाणिक राहा, देव तुला श्रीमंत करील. नीतिसूत्रे इतकं सोपं बोलत नाहीत. सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाचा अर्थ असा आहे की अन्यायाच्या मोठ्या कमाईपेक्षा नीतीने मिळालेलं थोडंसं बरं. नीट ऐका हं. याचा अर्थ असा की काही वेळा नीतीने थोडंच मिळतं, आणि अन्यायाने खूप मिळतं, हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. तो रील बघतोय, त्याला ती नवी बाईक दिसतेय, तो आयफोन दिसतोय. ते बघूनही तो म्हणतो, बरं काय ते मी सांगतो. मला असा माणूस विश्वासाचा वाटतो, जो मला खोटं आमिष दाखवून खरं राहायला सांगत नाही.

विसाव्या अध्यायात त्याने याची चवही सांगितली आहे. लबाडीची भाकर खाताना गोड लागते, नंतर तोंड खड्यांनी भरतं. गोड लागत नाही असं तो म्हणतच नाही. पहिल्या घासाला ती गोडच असते. दहा हजार आले की दोन दिवस मस्त जातात. खडे नंतर लागतात. अनोळखी नंबरवरून फोन आला की छातीत धस्स होतं. बँकेचा मेसेज उघडायची भीती वाटते. घरी आई विचारते, पैसे कुठून आले रे, आणि तुम्ही नजर चुकवता.

हा "कुठून" प्रश्न फार मोलाचा आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात, गेहजी नावाचा एक तरुण आहे. अलीशा संदेष्ट्याचा सेवक. नामान नावाचा अरामी सेनापती कुष्ठरोगातून बरा होतो आणि अलीशाला भेट देऊ करतो. अलीशा काहीही घेत नाही. गेहजीला वाटतं, एवढा पैसा सोडला? तो नामानाच्या मागे धावत जातो आणि आपल्या गुरूचं नाव सांगून, पाहुणे आलेत असं खोटं सांगून, चांदी आणि कपडे मागतो. नामान त्याने मागितली त्याच्या दुप्पट चांदी देतो. दोन किक्कार, म्हणजे एकेक थैली ३० किलोहून जास्त, दोन नोकर उचलून आणतात. गेहजी ती घरात लपवतो आणि साळसूदपणे गुरूसमोर उभा राहतो. अलीशा एवढंच विचारतो की तू कुठून आलास. गेहजी म्हणतो, कुठेच गेलो नव्हतो. आणि ज्या रोगातून नामान सुटला होता, तोच रोग त्याला जडतो.

खोट्या पैशाला "कुठून" हा प्रश्न सहन होत नाही. म्हणून माझी एक साधी कसोटी आहे. जो पैसा तुमच्याकडे येतोय तो कुठून आला, हे तुम्ही तुमच्या आईला जेवताना एका वाक्यात सांगू शकता का? सांगू शकत असाल तर घ्या. "तुला नाही कळणार" असं म्हणावं लागत असेल, तर तुम्हालाच ते नीट कळलेलं आहे.

आता "नाही" कधी म्हणायचं? बापाने सांगितलेली जागा बघा. तो म्हणत नाही की त्यांच्याबरोबर जा, बघ काय होतंय ते, आणि प्रकरण वाढलं की परत ये. तो म्हणतो, त्या वाटेवर पाऊलच टाकू नकोस. हे भित्रेपणाचं वाटतं, पण यात व्यवहार आहे. पहिला नकार सगळ्यात स्वस्त असतो. मेसेज आला तेव्हा "नाही जमणार" म्हणायला काय लागतं? फार तर एक मित्र रागावतो. सिम दिल्यावर नकार महाग होतो. पैसे अकाउंटवर येऊन गेल्यावर तर फार महाग होतो, कारण मग समोरचा धमकी देऊ शकतो की तुझं नाव पोलिसांना सांगू.

आणि नकार देताना भाषण करायची गरज नाही. "माझं अकाउंट मी कुणाला देत नाही." बस. कारण विचारलं तरी हेच. कारण दिलं की समोरचा त्या कारणावर तोडगा आणतो. बँक पकडेल म्हणालात तर तो म्हणेल, नाही पकडत. तसं पकडायचे मार्गही वाढतायत बरं का. डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने म्यूलहंटर डॉट एआय नावाच्या यंत्रणेची माहिती दिली, अशी अकाउंट हुडकण्यासाठीच ती बनवलेली आहे. पण तुमचा नकार त्या यंत्रणेच्या भीतीवर उभा नको. उद्या ती चुकली तर? नकार त्या नाशिकच्या बाईंच्या चेहऱ्यावर उभा राहू दे.

आता मला त्या एका श्रोत्याशी बोलायचं आहे जो मघापासून गप्प आहे. ज्याने अकाउंट आधीच दिलंय. कदाचित मागच्या महिन्यात, कदाचित काल.

मित्रा, मैत्रिणी, तुझ्यासाठी त्याच पुस्तकाचा सहावा अध्याय आहे, पहिली पाच वचनं. तिथे बाप अशा मुलाशी बोलतोय जो दुसऱ्यासाठी जामीन राहून बसलाय. म्हणजे दुसऱ्याच्या व्यवहाराला याने आपलं नाव दिलंय. तुझं प्रकरण अगदी तसंच नाही, पण नाव दिलं ही गोष्ट तीच. आणि बाप काय करतो? ओरडत बसत नाही. तो म्हणतो, आता झोपू नकोस. डोळ्याला डोळा लावू नकोस. मान खाली घाल, जा, आणि स्वतःला सोडव. हरीण शिकाऱ्याच्या हातून निसटतं तसं, पक्षी फासेपारध्याच्या हातून निसटतो तसं. बघा, पहिल्या अध्यायातला पक्षी इथे परत आला! तिथे जाळं बघून सावध व्हायचं होतं. इथे जाळ्यात अडकलाय, तरी सुटायला सांगतोय. म्हणजे अडकलेल्यासाठीही बायबलने दार बंद केलेलं नाही.

तर आज काय करायचं? बँकेला लगेच कळवून कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करायचं. शाखेत जाऊन लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. सिम ब्लॉक करून आपल्या नावाचं नवीन घ्यायचं. चॅट डिलीट करायचे नाहीत, तेच तुझे पुरावे आहेत. अकाउंटमध्ये काही रक्कम आली असेल तर तिला हात लावायचा नाही, आणि "भाऊ" सांगतो म्हणून पुढेही पाठवायची नाही. घरातल्या एका मोठ्या माणसाला खरं सांगायचं, वकिलाचा सल्ला घ्यायचा, आणि त्यांना बरोबर घेऊन सायबर पोलिसांकडे जायचं. पोलिस शोधत येण्याआधी आपण जाणं आणि ते आल्यावर सापडणं, यात मोठा फरक आहे. परिणाम काहीच होणार नाहीत असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण उद्यापेक्षा आज जाणं नक्की बरं.

आणि लाज वाटत असेल तर जक्कयाला आठव. लूक, एकोणिसावा अध्याय. यरीहोचा मुख्य जकातदार, गावाने ओवाळून टाकलेला माणूस. येशू त्याच्या घरी जेवायला जातो. आधी हिशोब दे मग येतो, असं येशू म्हणत नाही. आणि त्या घरात आलेल्या पाहुण्यामुळे जक्कय स्वतःहून उभा राहतो आणि जाहीर करतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. क्षमा मिळते आणि पैसाही परत जातो. दोन्ही. आपल्याकडे पुष्कळदा पहिलं घेऊन दुसरं विसरतात.

शेवटचा मुद्दा, थोडक्यात. मग पैसा मिळवायचा कसा? तेराव्या अध्यायाचं अकरावं वचन. पोकळ मार्गाने आलेला पैसा आटत जातो, हाताने गोळा केलेला वाढतो. पोकळसाठी तिथे हिब्रू शब्द आहे हेवेल, म्हणजे श्वास, वाफ. थंडीत तोंडातून निघते तेवढीच. आणि त्यासमोर ठेवलाय हात. हाताने जमवलेला पैसा. डिलिव्हरीची बॅग वाहणारा हात, शिकवणीत खडू धरणारा हात, कोड लिहिणारा हात, केस कापायला शिकणारा हात. या पैशाचा वेग कमी आहे, ते मान्य. पण तो जमवताना तुमच्यात काहीतरी वाढत असतं, एक हुन्नर, एक ओळख, एक विश्वास. अकाउंट भाड्याने देऊन माणूस काय शिकतो? काहीच नाही.

या आठवड्यात एक करा. तुमच्या नावावर किती बँक अकाउंट आहेत आणि किती सिम आहेत, ते तपासा. कुणाकडे "सहज" म्हणून कार्ड दिलेलं असेल तर परत मागा. आणि हा भाग एकाच माणसाला पाठवा, ज्याला सध्या पैशाची खरंच अडचण आहे. त्याला नुसती लिंक पाठवू नका, फोनही करा. कारण टोळीचं सगळं बळ "आमच्यात ये" या दोन शब्दांत असतं. ते शब्द त्याला आधी आपण म्हणूया. चर्चमधल्या तरुण मंडळाने म्हणावं, हॉस्टेलच्या मित्रांनी म्हणावं. फीसाठी पाच हजार कमी पडत असतील तर दहाजणांनी पाचशे पाचशे काढावेत. एक थैली अशीही असू शकते.

जाता जाता प्रार्थना. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर नावाचा माणूस देवाकडे एक अगदी मधलं मागणं मागतो, दारिद्र्यही नको आणि श्रीमंतीही नको. त्याच्या मागोमाग आपण आपल्या शब्दांत मागूया.

प्रभू, आमची गरज तुला माहीत आहे. या महिन्याचं भाडं, बहिणीची फी, बाबांची औषधं, सगळं तुला माहीत आहे. पुरेल एवढं दे. इतकं कमी नको की हात दुसऱ्याच्या खिशात जावा, आणि इतकं जास्त नको की तुझी आठवणच राहू नये. जे अडकलेत त्यांना आज रात्री खरं बोलायचं धैर्य दे. ज्यांचं लुटलं गेलंय त्यांना त्यांचं परत मिळू दे. येशूच्या नावाने, आमेन.

काळजी घ्या, पुढच्या भागात भेटूया. जय ख्रिस्त.